लाव्हाच्या पसाऱ्यावर उभे राहणारे छोटे सुळके, हे वेगळे ज्वालामुखी समजायचे का?

भटकी_नजर

नमस्कार मंडळी. सध्या मला ज्वालामुखीचे ड्रोन व्हिडिओ बघायचा नाद लागलाय, हवाई नि आइसलँडचे जास्त करून, आणि त्यात एक गोष्ट सारखी दिसते म्हणून हा धागा. मुख्य तोंड, जिथे लाव्हाचं कारंजं उडत असतं, ते एकीकडे, आणि तिथनं बरंच लांब, वरून काळ्या पडलेल्या लाव्हाच्या पसाऱ्यावर मधेच एखादा उभट सुळका, कधी माणसाएवढा कधी त्याच्या दुप्पट तिप्पट, वरती भोक, भोकाच्या आत लालभडक, आणि थोड्या थोड्या वेळाने त्यातनं लाव्हाचे गोळे उडतात आणि सुळक्याच्याच अंगावर पडून चिकटून बसतात. कडेने ओघळ. म्हणजे तो सुळका डोळ्यांदेखत वाढत असतो.

आता माझा गोंधळ असा की प्रत्येक सुळका म्हणजे वेगळा ज्वालामुखी का, त्याच्याखाली स्वतःची नळी असते का खोलवर गेलेली? आणि कडा इतक्या उभ्या कशा राहतात, शाळेच्या पुस्तकातला शंकू तर चांगला पसरट उताराचा असतो. आणि सारखी भर पडतेय तर हे वाढत वाढत डोंगर का होत नाहीत? वाचायला गेलो तर कुठे स्पॅटर कोन (कोन म्हणजे इंग्रजी cone, शंकू) म्हणतात कुठे हॉर्निटो, एकाच फोटोखाली दोन्ही नावं पण पाहिलीत. जाणकारांनी जरा सविस्तर सांगा, घाई नाही.

दगडवेडा

छान धागा. "चिकटून बसतात" असं जे तुम्ही लिहिलंय ना, सगळं त्या चिकटण्यातच आहे. त्यामुळे उभ्या कडांचं आधी सांगतो, बाकीचं इतर लोक सांगतीलच.

बेसॉल्टचा लाव्हा बाहेर येतो तेव्हा साधारण ११०० ते १२०० अंश सेल्सिअस असतो आणि बऱ्यापैकी पातळ असतो. त्यात वायू विरघळलेले असतात, पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड वगैरे. वर येताना दाब कमी झाला की त्यांचे बुडबुडे होतात, बुडबुडे एकमेकांत मिळून मोठे होतात आणि तोंडाशी येऊन फुटले की लाव्हाचे लिबलिबीत गोळे उडवतात. हे गोळे फार उंच जात नाहीत, बऱ्याचदा काही मीटरच, म्हणजे हवेत जेमतेम काही सेकंद. तेवढ्यात वरची कातडी थोडी निवते पण पोटात अजून मऊच असतं, आणि खाली पडल्यावर तो गोळा गोवरी थापल्यासारखा चपटा होऊन बसतो. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. खालच्याची धग अजून गेलेली नसते त्यामुळे दोघं एकमेकांत वितळून जुळतात. ह्याला वेल्डेड स्पॅटर म्हणतात. अशी जुनी भिंत पुढे कुठे उघडी पडलेली बघायला मिळाली तर जवळ जाऊन बघा, चपट्या झालेल्या गोळ्यांचे थर एकावर एक दिसतात, प्रत्येकाची कड थोडी खाली लोंबलेली, मधे मधे बुडबुड्यांची भोकं, पण हातोडी मारली तर गोळा सुटून येत नाही, सगळं आरपार फुटतं.

आता तुमच्या पुस्तकातला शंकू बहुतेक सिंडर कोन असणार. तिथे वायूचा जोर जास्त, कारंजं उंच, तुकडे बारीक आणि हवेत जास्त वेळ, त्यामुळे जमिनीवर येईपर्यंत ते कडक झालेले असतात. कडक तुकडा चिकटत नाही, घरंगळतो. सुट्या तुकड्यांचा कुठलाही ढीग साधारण ३० ते ३३ अंशांवर येऊन थांबतो, त्याहून उभा केला की कोसळतो, म्हणून सगळ्या सिंडर कोनचे उतार असे एकसारखे दिसतात. स्पॅटरला ते बंधन नाही कारण तो ढीग नाहीच, ते जोडलेलं बांधकाम आहे, जवळजवळ उभी भिंतसुद्धा टिकते.

आणि उलट बाजूलाही एक हद्द आहे ती बरेच जण विसरतात. गोळे फारच गरम असतील आणि फार भराभर पडत असतील तर ते पडल्यावर परत एक होऊन वाहायलाच लागतात, मग तिथे भिंत उभी राहण्याऐवजी प्रवाहच निघतो. म्हणजे सुळका व्हायला मधलीच अवस्था लागते, पडताना मऊ पण वाहण्याइतका मऊ नाही. एकाच उद्रेकात सुद्धा हे सगळं बघायला मिळतं. १९५९ मध्ये हवाईत किलाउएआ इकी नावाच्या विवरात कारंजं ५८० मीटरच्या आसपास गेलं होतं, तिथे वाऱ्याच्या दिशेला पुऊ पुआई नावाची टेकडी झाली, तिच्यात सुटे सिंडर पण आहेत आणि जुळलेला स्पॅटर पण.

खडकवाचक

वर दगडवेडा यांनी भिंतीचं छान सांगितलं, मी नळीचं सांगतो कारण दोन नावांचा घोळ तिथेच सुटतो.

स्पॅटर कोन म्हणजे खऱ्या तोंडावर बसलेला. खाली भेग असते, भेगेतनं मॅग्मा (जमिनीखालचा वितळलेला खडक) खोलवरनं येतो, आणि तोंडाभोवती गोळे साचून कोन होतो. त्याला मूळ आहे.

हॉर्निटोला मूळ नाही. तो उभा असतो वाहत्या लाव्हाच्या पाठीवर. कसं होतं की पाहोईहोई प्रकारचा, म्हणजे पातळ नि गुळगुळीत पृष्ठभागाचा, लाव्हा वाहताना वरून थंड होतो, त्यावर कवच धरतं, आणि आत लाव्हा वाहतच राहतो, पुढे पुढे त्याची चांगली बंदिस्त वाट तयार होते, तीच लाव्हा ट्यूब. आता ट्यूबचं वरचं टोक उतारावर उंच असतं त्यामुळे खालच्या भागातल्या लाव्हावर चांगला दाब असतो. पुढे कुठे अडथळा आला, छताचा तुकडा पडून वाट अरुंद झाली, किंवा मागनं अचानक जास्त लाव्हा आला, की दाब वाढतो आणि कवचात जिथे चीर असेल तिथनं लाव्हा वर ढकलला जातो. शिवाय त्या लाव्हात अजून वायू शिल्लक असतो, चीर पडली की तो तिथनंच सुटतो आणि गोळे उडवतो. बास, पुढचं काम तेच, गोळ्यावर गोळा.

त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: मुख्य तोंडापासून लांब, काळ्या पसाऱ्यावर दिसणारे ते बहुतेक हॉर्निटो, आणि ते वेगळे ज्वालामुखी नाहीत. त्यांच्या खाली दोनपाच मीटरवर ट्यूब आहे आणि ट्यूबच्या खाली जुनी थंड जमीन. डोंगर का होत नाहीत ते पण ह्यातच आलं. पुरवठा उसना आहे. ट्यूबमधला दाब उतरला, किंवा लाव्हाने दुसरी वाट धरली, की सुळक्याचं काम संपलं. बऱ्याचदा तर तो स्वतःच स्वतःचं तोंड बंद करतो, कडेचे गोळे आत झुकत झुकत भोक अरुंद होत जातं आणि शेवटी बुजतं. बहुतेक हॉर्निटो काही मीटरांत आटोपतात.

जुना आणि सुंदर किस्सा मेक्सिकोतल्या होरुयोचा आहे. हा ज्वालामुखी १७५९ मध्ये शेतजमिनीत उगवला आणि १७७४ पर्यंत चालू होता. १८०३ मध्ये जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट तिथे गेला तेव्हा लाव्हाच्या पठारावर असे हजारो बुटके उंचवटे होते आणि त्यांच्यातनं अजून वाफा निघत होत्या. त्याला वाटलं की सगळी जमीनच खालून फुगून वर आलीय आणि हे उंचवटे त्या फुगण्याच्या खुणा आहेत. ती कल्पना पुढे बरीच वर्षं युरोपात चर्चेत होती, ज्वालामुखी साचून होतात की जमीन उचलली जाऊन होतात ह्या मोठ्या वादात. आज आपण सांगतो की साचून होतात, पण नुसतं वरून बघून ते ठरवणं किती अवघड आहे हे होरुयोवरनं कळतं. बाहेरचा आकार बघून आतलं काही खात्रीने बोलू नये असं माझं तरी ठाम मत आहे.

सह्याजी_राव

वाचनखूण साठवली. एक शंका, आइसलँडच्या मीव्हाट्न तलावाच्या काठाला जे गोल गोल खड्ड्यांचे उंचवटे आहेत त्यांना पण बिनमुळाचे कोन म्हणतात ना? मग ते हॉर्निटोच झाले की.

खडकवाचक

@सह्याजी_राव बिनमुळाचे दोन्ही, पण कारण एकदम वेगळं आहे आणि इथे गल्लत होते खूप जणांची. मीव्हाट्नला साधारण २३०० वर्षांपूर्वी लाव्हा दलदलीवर आणि उथळ पाण्यावर पसरला. खालचं पाणी अडकलं, त्याची वाफ झाली, आणि वाफेने वरचा लाव्हा फोडून उडवला. म्हणजे जोर बाहेरच्या पाण्याचा. हॉर्निटोमध्ये जोर लाव्हाच्या स्वतःच्या दाबाचा नि स्वतःच्या वायूचा, पाण्याचा संबंध असायलाच पाहिजे असं नाही. साहजिकच तिथे खड्डे रुंद आहेत, फुटलेल्या बारीक तुकड्यांचे थर आहेत, आणि इथे अरुंद तोंड, चिकटलेले गोळे. मंगळावर सुद्धा सपाट लाव्हाच्या मैदानांत लहान लहान शंकूंचे पुंजके दिसतात, ते मीव्हाट्नसारखेच असतील तर लाव्हा आला तेव्हा जमिनीत पाणी किंवा बर्फ होतं असा अर्थ निघतो, म्हणून त्या अभ्यासकांसाठी हा फरक फार मोलाचा आहे.

भटकी_नजर

बापरे, एवढ्या सविस्तर प्रतिसादांबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचले. मग व्हिडिओ बघताना ओळखायचं कसं? खाली काय आहे ते तर ड्रोनला दिसत नाही.

दगडवेडा

@भटकी_नजर एकट्या सुळक्यावरनं नाहीच ओळखता येत, आजूबाजूचं बघायचं. स्पॅटर कोन शक्यतो सरळ ओळीत असतात कारण खाली भेग असते. उद्रेक सुरू होतो तेव्हा पहिले काही तास सगळीच्या सगळी भेग उघडते, लाव्हाचा पडदाच उभा राहतो, आणि भेगेच्या दोन्ही काठांवर गोळ्यांचे लांबट बांध तयार होतात. मग भेग जिथे अरुंद आहे तिथला मॅग्मा लवकर थंड होऊन गोठतो, जिथे रुंद आहे तिथे गरम प्रवाह टिकतो आणि कडा आणखी वितळवून वाट मोठी करतो. असं होता होता अख्ख्या भेगेऐवजी मोजक्याच जागा चालू राहतात आणि त्या प्रत्येकावर एकेक कोन. २०१८ ला हवाईत लेलानी वस्तीत हेच झालं, ३ मे ला सुरुवात, एकूण २४ भेगा उघडल्या, आणि मे महिन्याच्या शेवटापासून जवळजवळ सगळा जोर आठव्या भेगेवर आला. तिच्याभोवती जो कोन झाला त्याला आता अहुआइलाआउ नाव दिलंय. त्या उद्रेकात ७०० हून जास्त घरं गेली, म्हणजे हे प्रकरण नुसतं बघायला देखणं आहे असं नाही. हवाईतल्याच पुऊ ओओ नावाच्या कोनचं पण तसंच, १९८३ ला लांबलचक भेगेपासून सुरू झालं, काही महिन्यांत एकाच तोंडावर आलं आणि १९८६ पर्यंत तिथे २५५ मीटर उंच कोन झाला. म्हणजे खाली खरं मूळ असेल आणि पुरवठा टिकला तर वाढतात बरं का.

हॉर्निटो मात्र ट्यूबच्या वळणाने जातात. ट्यूब वळली की ओळ वळली.

रात्रीचा_प्रवासी

ह्या विषयावर कोणी ओल डोइन्यो लेंगाईचं नाव काढलं नाही म्हणून मला राहवलं नाही. टांझानियातला हा ज्वालामुखी म्हणजे हॉर्निटोंचं माहेर आहे, खरंच सांगतो. त्याचा लाव्हा जगात एकमेव आहे, बाकीच्यांसारखा सिलिकाचा नाही तर सोडियम पोटॅशियमच्या कार्बोनेटचा, तापमान जेमतेम ५०० ते ६०० अंश, म्हणजे बेसॉल्टच्या निम्मंच. त्यामुळे तो दिवसा लाल दिसतच नाही, काळा नाहीतर तपकिरी दिसतो, चिखल वाहतोय असंच वाटतं, रात्री कुठे तांबूस झाक दिसते. आणि अतिशय पातळ. हवेतल्या ओलाव्याशी संबंध आला की काही तासांत नाहीतर काही दिवसांत तो पांढरा पडतो, त्यामुळे विवराच्या तळावर काळे ताजे ओघळ, करडे कालपरवाचे, पांढरे जुने, असं एकाच सुळक्याच्या अंगावर वय लिहिलेलं असतं. मला हे फार आवडतं, दगडाचं वय रंगावरनं असं दिवसांत वाचता येणं दुसरीकडे कुठे मिळणार.

१९८३ नंतर त्याचं विवर ह्या लाव्हाने आणि हॉर्निटोंनी हळूहळू भरत गेलं, १९९८ मध्ये काठावरनं सांडायला लागलं. आणि सप्टेंबर २००७ मध्ये मोठे स्फोट सुरू झाले, २००८ पर्यंत चालले, आणि ते सगळे सुळके गेले, तिथे मोठा खोल खड्डा झाला. नंतर त्या खड्ड्याच्या तळाशी परत लाव्हा यायला लागला आणि परत हॉर्निटो उभे राहायला लागले.

एक काळजीची गोष्ट पण सांगतो कारण तिथले फोटो बघून लोकांना जवळ जावंसं वाटतं. हॉर्निटोच्या पोटात लाव्हाचं तळं असू शकतं आणि भिंत पातळ असते. ती कधीही एका बाजूने फुटते आणि आतला सगळा लाव्हा एकदम बाहेर येतो. तापमान कमी म्हणून हा लाव्हा कमी धोकादायक असं समजू नका, ५०० अंश माणसाला पुरेसं आहे.

खडकवाचक

वरच्या शेवटच्या परिच्छेदाला जोरदार अनुमोदन. बेसॉल्टच्या हॉर्निटोला पण हे लागू आहे. वर दिसणारा सुळका बंद पडलेला असेल तरी खालची ट्यूब चालू असू शकते, आणि सुळक्याच्या भोवतीचं कवच हेच ट्यूबचं छप्पर असतं, किती जाड आहे ते वरून कळत नाही. शिवाय तोंडातनं सल्फर डायऑक्साइड निघतो, वारा पडला की तो खोलगट जागी साचतो. आणि गोळे थोडा वेळ बंद झाले म्हणजे उद्रेक थांबला असं नसतं, बऱ्याचदा आत वायू कोंडत असतो. थंड झालेल्या सुळक्यावर पण चढू नये, एक तर कडा काचेसारख्या धारदार असतात, दुसरं म्हणजे हे बांधकाम वरून दणकट दिसलं तरी मधे पोकळ आहे, आणि एकदा पडलं की ते परत होणार नाही.

सह्याजी_राव

मला थंड झालेले बघायला सुरक्षित आहेत असे कुठे आहेत ते पण सांगा कोणीतरी.

दगडवेडा

@सह्याजी_राव अमेरिकेत आयडाहोमध्ये क्रेटर्स ऑफ द मून आहे, तिथे ग्रेट रिफ्ट नावाच्या भेगेवर स्पॅटर कोनची अगदी नमुनेदार ओळ आहे, वय साधारण २१०० वर्षं, उंची बहुतेकांची १५ मीटरच्या आतच. त्यातल्या स्नो कोन नावाच्या कोनच्या पोटात वाकून बघता येतं, सावलीमुळे आतला बर्फ उन्हाळ्यातसुद्धा टिकलेला असतो. अपोलोच्या काही अंतराळवीरांना १९६९ मध्ये तिथे खडकांचा अभ्यास करायला नेलं होतं, त्यात ॲलन शेपर्ड आणि एडगर मिचेल होते, जे पुढे १९७१ ला चंद्रावर उतरले. खुद्द चंद्रावर मात्र असे सुळके बनायची पंचाईत आहे, गुरुत्व कमी आणि हवा नाही, त्यामुळे उडालेला गोळा फार लांब जाऊन पडतो, तोंडाशी साचत नाही.

स्पेनच्या लांझारोटे बेटावर तिमानफाया भागात १७३० ते १७३६ चा लाव्हा आहे, तिथला मांतो दे ला व्हिर्हेन नावाचा हॉर्निटो अर्धा ढासळलेला आहे, त्यामुळे आतली बाजू आयतीच दिसते. मला विचाराल तर अर्धा मोडलेला हॉर्निटो अख्ख्यापेक्षा जास्त शिकवतो.

भटकी_नजर

परत एकदा तोच व्हिडिओ लावून बसलो, आता वेगळंच दिसायला लागलंय. त्यात तीन सुळके आहेत, ओळीत आहेत पण ओळ सरळ नाही, मुख्य तोंडापासून निघून एका उंचवट्याला वळसा घालून जाते. आणि मधल्याचं भोक शेवटच्या भागात जवळपास बुजलेलं आहे, बाजूने नुसता वायू निघतोय, तो फुसफुस आवाज पण येतो. म्हणजे हे तिन्ही हॉर्निटोच ना? आणि एक पाहिलं की सगळ्यात खालचा जास्त जोरात उडतोय, वरचे दोन त्यामानाने गप्प, हे कसं?

खडकवाचक

वळसा घालून जाते म्हणजे बरीच शक्यता हॉर्निटोचीच. खालचा जास्त जोरात असण्याची दोन कारणं संभवतात. एक म्हणजे तो उतारावर सगळ्यात खाली, त्यामुळे ट्यूबमधल्या लाव्हाचा दाब तिथे सगळ्यात जास्त. दुसरं म्हणजे त्याच्या पुढे ट्यूब तुंबली असेल. कुठलं ते ठरवायला एक करून बघा, व्हिडिओत मुख्य तोंडाचं कारंजं मधे कधी थांबतं का ते शोधा. ते थांबल्यावर सुळके लगेच थांबत नाहीत, ट्यूबमधला लाव्हा उतरायला वेळ लागतो, आणि साधारणपणे वरचा आधी गप्प होतो, खालचा शेवटी. पण वरचे दोन गप्प झाल्यावर पण खालचा बराच वेळ चालूच राहिला तर पुढे तुंबलंय असं समजायला हरकत नाही. लाव्हा बाहेर कुठे नव्याने झिरपायला लागलाय का ते पण बघा, तुंबलेल्या जागेच्या थोडं मागे कवचाच्या चिरांतनं लाल रेघा दिसतात. दिसलं तर वेळेसकट इथे टाका, मी पण तोच व्हिडिओ उघडून बसतो.